दारावरचा पोचा, बंपरचा चेपलेला कोपरा आणि घरचे प्रयोग

तुमच्या प्रश्नात दोन वेगळी दुखणी एकत्र आली आहेत, ती आधी सुटी करू. दीड वर्षाची ग्रे हॅचबॅक आहे. मागच्या डाव्या दारावर पार्किंगमध्ये कुणाच्या तरी स्कूटरचं हँडल टेकून दहाच्या नाण्याएवढा पोचा पडलाय आणि मागच्या बंपरचा कोपरा खांबाला लागून आत गेलाय. रंग दोन्हीकडे शाबूत दिसतो. वर्कशॉपने दार आणि बंपर दोन्ही रंगवावं लागेल असं सांगितलं. व्हिडिओत मात्र हेअर ड्रायर, बर्फ, उकळतं पाणी, सक्शन कप यांनी सगळं चुटकीसरशी निघतं. तर घरी जमेल का, का सरळ क्लेम करून टाकू, असं तुम्ही विचारलंय.

बंपरचं बहुतेक जमेल. दाराचं अवघड आहे, आणि फसलं तर आहे त्यापेक्षा वाईट दिसेल. क्लेम करू नका. आता असं का म्हणतो ते सांगतो. कोल्हापुरात डेंटिंग-पेंटिंगचंच काम करतो. आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांत एक प्रकार ठरलेला असतो, घरी प्रयोग करून मग आणलेली गाडी. तिच्यात पोचा काढायला वेळ कमी लागतो, प्रयोग निस्तरायला जास्त.

मुळात वाचवायचं काय आहे ते बघा. तुमच्या दारावर आज कारखान्यात लागलेला रंग आहे, आणि तो परत कुठल्याही गॅरेजमध्ये मिळत नाही, माझ्याही नाही. कारखान्यात पत्र्याचा नुसता सांगाडा ईडी कोटच्या, म्हणजे गंज रोखणाऱ्या पहिल्या थराच्या, टाकीत पूर्ण बुडवतात, मग प्रायमर, रंगाचा बेस कोट, त्यावर पारदर्शक क्लिअर कोट, आणि वरचे थर साधारण १४० अंशांच्या आसपास भट्टीत भाजून निघतात. त्या वेळी आत सीट नसतात, वायरी नसतात, प्लॅस्टिक नसतं, म्हणून एवढं तापवता येतं. आमच्याकडे गाडी पूर्ण जोडलेली येते. बूथमध्ये ६०-७० अंशांवर काम उरकावं लागतं, आणि त्यासाठी रंगही वेगळा, हार्डनर घालून सुकणारा. चांगला कारागीर असेल तर डोळ्याला फरक कळत नाही, पण रंगाची जाडी मोजणाऱ्या मीटरला कळतो. कंपनी पेंटची जाडी सगळे थर धरून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. रिपेंट केलेलं पॅनल २०० च्या वर जातं आणि लांबी, म्हणजे खड्डा बुजवायची पुटी, भरली असेल तर ५०० च्याही पुढे. जुनी गाडी घेणारे हल्ली हे मीटर खिशात घेऊन येतात. दारावर ते वाजलं की ‘ॲक्सिडेंट झालाय का?’ हा प्रश्न आलाच. त्यात तुमचा रंग मेटॅलिक ग्रे. नुसतं एक दार रंगवून शेजारच्या पॅनलशी शेड जुळत नाही, ती शेजारी थोडी पसरवावी लागते. म्हणजे नाण्याएवढ्या पोच्यापायी दोन पॅनलवर हात पडतो.

म्हणून रंग शाबूत असलेला पोचा दिसला की माझा पहिला विचार असतो, रंगाला धक्का न लावता हा किती वर येईल. तो पूर्ण निघाला नाही आणि ऐंशी टक्के निघाला तरी मी सौदा फायद्याचा धरतो.

आता पत्र्याकडे. दाराचा बाहेरचा पत्रा जाडीला पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतो. दाब आला की तो थोडा वाकतो आणि सोडल्यावर परत येतो. एका हद्दीपलीकडे गेला की वाकलेलाच राहतो. गंमत अशी की पोच्यातला सगळा पत्रा सारखा बिघडलेला नसतो. मध्ये खड्डा असतो आणि खड्ड्याभोवती बारीक उंचवट्याची कड उठते, तिला आम्ही क्राऊन म्हणतो. ही कड आणि हँडलचं टोक जिथे बसलं तो ठिपका, एवढाच पत्रा खरा मोडलेला आणि कडक झालेला असतो. बाकीचा मधला पत्रा मूळ जागी यायला बघत असतो, कड त्याला धरून ठेवते. व्हिडिओ बघून काम करणाऱ्याला खड्डाच दिसतो. तो मधोमध ओढतो, नाहीतर आतून ढोसतो. मग मध्ये फोडासारखा टेंगूळ येतो, भोवतीची कड तशीच राहते, आणि दारावर आधी एक खोट होती तिथे दोन होतात. टेंगूळ म्हणजे ताणला गेलेला पत्रा. तो परत बसवणं खड्डा उचलण्यापेक्षा कितीतरी किचकट.

तुमचा पोचा कुठल्या जातीचा आहे हे घरी तपासता येतं, त्याला फक्त ट्यूबलाइट लागते. रात्री पार्किंगमध्ये गाडी अशी लावा की ट्यूबचं प्रतिबिंब त्या दारावर पडेल. दार आधी धुऊन पुसून घ्या. मग डोकं हळूहळू खाली-वर करा आणि ती पांढरी रेष पोच्यावरून सरकताना बघा. रेष पोच्याजवळ आली की आधी जरा फुगते, ती कड. मग आत वळते, तो खड्डा. वळण लांबट आणि सावकाश असेल तर पोचा मऊ आहे. रेष एका ठिकाणी चिमटा काढल्यासारखी मोडली, तिचं टोक झालं, तर पोचा टोकदार आहे, मग तो आकाराने कितीही लहान असो. हँडलने पडलेले पोचे बहुतेक टोकदार निघतात, कारण ब्रेकच्या लिव्हरचं टोक गोल असलं तरी बारीक असतं. मग त्याच जागेवरून नख फिरवा आणि मोबाइलचा कॅमेरा झूम करून फोटो काढा. केसासारखी जरी रेघ दिसली तरी क्लिअर कोट तडकलाय असं समजा. पोचा दाराच्या उठावदार रेषेवर, म्हणजे बॉडी लाइनवर असेल किंवा पॅनलच्या काठापासून दोन बोटांच्या आत असेल तर घरच्या प्रयोगाचा विचार सोडून द्या. तिथे पत्रा घडी घालून कडक केलेला असतो. लोहचुंबकही कापडात गुंडाळून लावून बघा. काही महागड्या गाड्यांत बॉनेट, दारं ॲल्युमिनियमची असतात, तिथे चुंबक चिकटत नाही, आणि त्या धातूला चूक अजिबात सहन होत नाही.

आता व्हिडिओतले उपाय. हेअर ड्रायरने तापवायचं आणि वरून बर्फ किंवा उलटा धरलेला डिओ मारायचा, हा सगळ्यात लाडका. थोडा हिशेब करू. पोलाद एक अंश तापलं की आपल्या लांबीच्या दहा लाखांत बारा भाग वाढतं. तुम्ही दहा सेंटिमीटर पत्रा साठ अंशांनी तापवलात, तरी तो वाढला मिलिमीटरचा चौदावा भाग. एवढ्या हालचालीने मोडलेली कड सरळ होत नाही. मग व्हिडिओत निघतो तो पोचा कुठला? डालड्याच्या डब्याचं झाकण दाबलं की टक्क करून आत जातं आणि ढकललं की टक्क करून बाहेर येतं, तसा तो पत्रा नुसता आत ‘बसलेला’ असतो. मोडलेला नसतो. असा पोचा मोठा, उथळ, बॉनेटवर किंवा छपरावर असतो, आणि तो दुपारच्या उन्हानेही कधीकधी आपोआप सुटतो. तुमचा तो प्रकार नाही. शिवाय डिओच्या डब्यात दाबाखाली भरलेला बहुतेक पेट घेणारा गॅस असतो. शेजारी तापलेला ड्रायर चालू ठेवून तो फवारणं हा गाडीचा प्रश्न राहत नाही, तुमच्या भुवयांचा होतो.

सक्शन कपचंही तेच. कपाला हवा धरायला सपाट, मोठी जागा लागते आणि तो तेवढ्या सगळ्या पत्र्याला ओढतो. चेंडू आदळून दार ताटाएवढं आत गेलं असेल तर कप लावून बघायला हरकत नाही, बऱ्याचदा पुष्कळसं बाहेर येतं. नाण्याएवढ्या पोच्यावर कप लावला तर आजूबाजूचा चांगला पत्रा ओढला जातो.

दारासाठी घरी करण्याजोगा एकच उपाय उरतो, ग्लू पुलिंग. ऑनलाइन हजार-पंधराशेत किट मिळतं. प्लॅस्टिकचे टॅब, गोंदाच्या कांड्या, तो वितळवायची गन, टॅब ओढायची पुलाच्या आकाराची चौकट आणि एक नायलॉनचं टोक. पोचा मऊ असेल, रंग कंपनीचाच असेल आणि कुठेही तडा नसेल तरच याच्या वाटेला जा. रिपेंट केलेल्या पॅनलवर गोंद लावलात तर टॅबबरोबर रंगाचा पापुद्रा हातात येतो. काम सकाळी, सावलीत करा. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी पत्रा इतका तापलेला असतो की गोंद धरतच नाही. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मेण, पॉलिश पूर्ण काढा. पोच्यापेक्षा लहान टॅब निवडा, गोंद लावून खड्ड्याच्या सगळ्यात खोल जागी टेकवा, बोटाला कोमट लागेपर्यंत थांबा आणि पुलाने हळू, सरळ ओढा. टक्क करून टॅब सुटला की गोंदाच्या कडेला अल्कोहोल सोडा, तो आपसूक उचलतो. नखाने किंवा सुरीने खरवडू नका.

पुढची पायरी व्हिडिओत नीट दिसत नाही, आणि खरं काम तीच करते. पुन्हा ट्यूबलाइटची रेष बघा, कड कुठे उरलीय ते शोधा, नायलॉनचं टोक त्या कडेवर धरून लहान हातोडीने हलके हलके टिचक्या मारा. कड बसली की मधला खड्डा थोडा आपोआप वर येतो, कारण त्याला धरून ठेवणारं कमी झालं. मग पुन्हा टॅब, पुन्हा कड. एका झटक्यात काढायला गेलात तर टेंगूळ ठरलेलं. किटमध्ये कधी सरकत्या वजनाचा हातोडा येतो, तो बाजूला ठेवून द्या. दोन-तीन ओढींत रेष सुधारत नसेल तर थांबा. अर्धवट वर आलेला पोचा पीडीआरवाला नीट करू शकतो, ताणलेला पत्रा सहसा नाही.

पीडीआर म्हणजे रंग न लावता पोचा काढणं. तो कारागीर आतून पोलादी सळई घालून पत्र्याला टोकाने एकेक बारीक दाब देतो, समोर दिव्याच्या रेषा ठेवून. नाण्याएवढ्या टोकदार पोच्यासाठी तुम्हाला माणूस शोधायचा असेल तर हाच. मार्च-एप्रिलमध्ये वळवाच्या गारांनी बॉनेट आणि छपरं चाळणी झालेल्या गाड्या येतात, मालवण-रत्नागिरीकडून नारळ पडलेलं एखादं बॉनेट येतं, ती सगळी कामं याच पद्धतीची. ‘सळईच घालायची ना, मग मी दाराचं पॅड काढून घालतो’ असं मनात आलं असेल तर सांगतो, दारात काचेची यंत्रणा असते, मधून आडवा पोलादी बीम जातो, आत पाणी अडवणारा प्लॅस्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. तो पडदा फाटला की पहिल्याच पावसात पॅड भिजतं आणि गाडीला वास सुटतो. काही गाड्यांत दारात एअरबॅगचा सेन्सरही असतो. छपराच्या कडेला पडदा-एअरबॅग असलेल्या गाड्यांत तर तिथे घरी काहीच खुपसू नये.

बंपरचं मात्र मनासारखं होईल. बंपर पॉलिप्रोपिलिनचा, आतल्या बाजूला बारीक अक्षरांत पीपी असं कोरलेलं सापडेल. हे प्लॅस्टिक तापलं की मऊ होतं आणि साच्यातला आकार त्याच्या लक्षात असतो म्हणा ना. रविवारी दुपारी उन्हात गाडी लावा, थंडीच्या सकाळी हे करू नका. गार बंपरवरचा रंग वाकवताना तडकतो. चाकाच्या कमानीतले दोन-तीन स्क्रू आणि खालच्या क्लिप काढल्या की कोपऱ्यामागे हात जातो. क्लिपचा मधला खिळा आधी उचलायचा, मग क्लिप. ओढून काढलीत तर तुटते. दहा-वीस रुपयांची असते, दोन-चार जास्तीच्या आणून ठेवा. टेललाइट जाड टॉवेलने झाका, गार लेन्सवर उकळतं पाणी गेलं तर तडा जाऊ शकतो.

चार-पाच लिटर पाणी उकळा. किटलीने चेपलेल्या जागेवर आणि तिच्याभोवती वीतभर, सगळीकडून सावकाश ओता. घाई इथे नडते. पहिली किटली नुसती प्लॅस्टिक तापवण्यात जाते. दुसरी ओतत असताना जाड रबरी हातमोजा घालून आतून तळव्याने दाबा, बोटाच्या टोकाने नाही. आधी खड्ड्याच्या काठाकडून, मग मध्याकडे. बंपर बुद्धकन बाहेर येतो, त्याचा आवाज ऐकण्यासारखा असतो. आकार आला की हात तसाच ठेवून वरून गार पाणी ओता म्हणजे तो तिथेच धरेल. हीट गन वापरू नका. तिचा झोत तीनशे अंशांच्या पुढे जातो आणि रंगाला फोड येतात.

यात दोन गोष्टी गाडीवर अवलंबून आहेत. प्लॅस्टिकला तीक्ष्ण घडी पडून ती पांढरी पडली असेल, तर आकार येईल पण घडीची रेघ राहील. आणि २०१९ च्या जुलैपासून आपल्याकडे नव्या गाड्यांना रिव्हर्स सेन्सर सक्तीचे झाले, तेव्हा तुमच्या बंपरमध्ये ते आहेतच. आतून दाबताना त्यांची वायर ताणू नका, आणि काम झाल्यावर रिव्हर्स टाकून बीप नीट येतो का ते बघा. गाडीला ब्लाइंड स्पॉटचं रडार असेल तर ते नेमकं मागच्या कोपऱ्यात बंपरआड बसतं. मग स्वतः हात घालू नका.

रंग तडकलेला निघाला तर सगळा हिशेब बदलतो. बंपर प्लॅस्टिकचा, तो गंजत नाही, वर्षभर तसाच ठेवलात तरी बिघडत नाही. दाराचा पत्रा मात्र पावसाळ्यापूर्वी झाकायला हवा, कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर त्याच आठवड्यात. तात्पुरतं म्हणून रंगाच्या कोडचा टच-अप पेन आणून दोन पातळ हात द्या. कोड दाराच्या खांबावरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. घरी लांबी भरू नका. पॉलिएस्टरची लांबी पाणी पिते. तिच्यावर पाणी मारून पॉलिशपेपर घासला आणि नीट न सुकवता रंग दिला, तर पुढच्या पावसात तिथे फुगे येतात आणि खालून गंज. गॅरेजवाल्यालाही विचारा, लांबी कोरडी घासतोस का. उत्तरावरून माणूस कळतो.

आता क्लेम. तुम्ही सध्या ३५ टक्के नो क्लेम बोनसवर, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलच्या प्रीमियम-सवलतीवर, आहात असं धरू. या वर्षी क्लेम नसेल तर पुढच्या नूतनीकरणाला ४५ मिळतील, त्यापुढे ५०. क्लेम केलात तर पुढच्या वर्षी शून्य, त्याच्या पुढच्या वर्षी २०. ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, प्रीमियम ८,००० धरला तर पहिल्या वर्षी ३,६०० आणि दुसऱ्या वर्षी २,४००, म्हणजे दोन वर्षांत ६,००० रुपयांची सवलत गेली. त्यात सक्तीचा हिस्सा, ज्याला सगळे ‘फाइल चार्ज’ म्हणतात, तो १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं ॲड-ऑन, नसेल तर प्लॅस्टिकच्या भागांवर आणि रंगाच्या सामानावर निम्मा घसाराही तुमच्याच खिशातून. दीड वर्षाच्या गाडीवर तुमचा बोनस बहुधा याहून कमी असेल, तरी गणित त्याच दिशेला जातं. आमच्या भागात एक पॅनल रंगवायला तीन ते पाच हजार घेतात, पीडीआरवाला नाण्याएवढ्या पोच्याला हजार-दीड हजार. एकाच वेळी चार-पाच पॅनल गेले असतील, तेव्हा क्लेमचा विचार करा. नो क्लेम बोनस वाचवणारं ॲड-ऑन पॉलिसीत असेल तर ते वेगळं, पण त्यालाही मर्यादा असते, कागद वाचून बघा.

तर क्रम असा ठेवा. आज रात्री ट्यूबलाइटखाली दार बघा. रविवारी दुपारी बंपरचा चेपलेला कोपरा काढा. दाराचा पोचा मऊ निघाला आणि हाताला सबुरी असेल तर ग्लू किट आणा. टोकदार निघाला तर पीडीआरवाल्याला फोटो पाठवा, आणि फोटो समोरून नको, तिरका काढा, त्यात ट्यूबची रेष आणि शेजारी एक नाणं दिसू दे. तो आतून जाणार की गोंदाने ओढणार हे आधी विचारा, आणि दाराला भोक पाडावं लागेल असं म्हणाला तर दुसरा माणूस बघा. कुणीच मिळाला नाही तरी घाई नाही, रंग शाबूत असलेला पोचा वर्षानुवर्षं तसाच राहतो, वाढत नाही.